काळी चार

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो पेटीच्या भात्यानं. सूर नंतर यायचा. आधी यायचा भात्याचा श्वास, जरा दमेकरी, कारण भात्याच्या एका कोपऱ्याला भोक पडलं होतं आणि बाबांनी त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. आई चुलीपुढे रात्रीचा भात कांदा-मिरची घालून परतत असायची. कढईत उलथनं खरखरायचं, अंगणात कोंबड्या, आणि या सगळ्याच्या मधून बाबांचा सा. बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून पेटीपुढे बसायचे आणि शाळेला निघायच्या आधी अर्धा तास वाजवायचे. गाणं म्हणत नसत. त्यांचा आवाज चिरका होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. ते वाजवायचे, एवढंच. मी भात खात ऐकायची. पेटीशिवाय सकाळ असते हे मला बरंच उशिरा कळलं, त्याचीच ही हकिगत आहे.

आमचं गाव दवनीवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, मध्ये घरं, एका टोकाला विहार आणि दुसऱ्या टोकाला शाळा. जिल्हा नवाच झाला होता, शाळेच्या पाटीवर मात्र अजून भंडारा होतं आणि ते पुसायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. बाबा त्याच शाळेत गुरुजी होते. भाषा आणि इतिहास शिकवायचे, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख पेटीवाले गुरुजी अशीच होती. आसपासच्या कुठल्याही शाळेत पंधरा ऑगस्ट असो की सव्वीस जानेवारी, पेटी बाबांची. विहारात जयंतीला गायन पार्टी उभी राहायची तेव्हाही पेटी बाबांची. सायकलच्या कॅरिअरवर पेटी बांधलेली, मागून एक जण धरून चाललेला, असे बाबा मला आजही डोळ्यांसमोर दिसतात.

ती पेटी आमच्याकडे कशी आली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबत. त्या मालकाच्या ओसरीवर भजन चालायचं. बाबा सहा-सात वर्षांचे असताना तिथे कुणी नाही असं पाहून त्यांनी तिथल्या पेटीची एक पट्टी दाबली. भाता उघडलेलाच नव्हता, त्यामुळे आवाजसुद्धा आला नाही. तेवढ्यात कुणीतरी येऊन त्यांच्या हातावर छडी मारली आणि मग ओल्या फडक्यानं पेटी पुसून घेतली. छडीचं बाबा हसून सांगायचे. फडक्याचं सांगताना हसायचे नाहीत. नोकरी लागल्यावर त्यांनी पहिली वस्तू घेतली ती ही पेटी. गोंदियातला एक म्हातारा दुकानदार दुकान बंद करत होता, त्याच्याकडून जुनी घेतली. शिकवायला कोणी नव्हतं. म्हाताऱ्यानंच एका काळ्या पट्टीवर खडूनं ठिपका दिला आणि सांगितलं, "बाबू, इसी को सा मानो. इसी से बजाओ, मीठा लगेगा." ती पट्टी म्हणजे काळी चार. बाबा तिथून शिकले, एकटे, ऐकून ऐकून. ठिपका पुसला गेला, पण बोटं तिथेच बसली.

मी बेसूर होते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, तेव्हा ते आमच्या घरातलं एक साधं सत्य होतं, जसं आईला उन्हाचा त्रास व्हायचा तसं. शाळेत प्रार्थनेला बाबा दोन भाग करायचे. सुरात म्हणणारे पुढे, बाकीचे मागे. मागच्यांना शाळेत दगड म्हणत. कोणी सुरू केलं माहीत नाही, पण बाबाही म्हणत, आणि रागानं नव्हे, हसत म्हणत. मी पहिलीत असताना पुढे उभी राहिले होते. बाबांनी दोनदा पेटी थांबवली, कुणाचा आवाज फाटतोय ते ऐकलं, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मित्रा, तू मागं जाय. ओठ हालवजो फक्त. म्हनू नोको." माझं नाव संघमित्रा. मी मागे गेले. पाचवीपर्यंत ओठ हलवले. मला सगळी गाणी चालीसकट पाठ होती, सगळ्यांपेक्षा जास्त, कारण त्यांच्या चाली मी घरी रोज ऐकायची. पण माझा गाण्याचा आवाज कसा आहे हे मला माहीत नव्हतं. न्हाणीतसुद्धा मी गात नसे.

पाचवीच्या वर्षी पावसाळा सरता सरता बाबांना गोंदियाला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावणं आलं. शाळेत संगीत कसं शिकवावं यावर. बाबा इस्त्रीचे कपडे घालून गेले. तिथे आपल्याला चार गोष्टी विचारतील, कदाचित वाजवायलाही सांगतील असं त्यांना वाटत होतं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ते घरी आले आणि हातातलं पिवळ्या पुठ्ठ्याचं पातळ पुस्तक त्यांनी खाटेवर फेकलं.

"नागपूरच्या कोनी टेंभेकर बाई आहेत," ते आईला म्हणाले. "मोठ्या विद्वान म्हनतात. कॉलेजात शिकवत होत्या. लेकरांच्या आवाजावर त्याईनं पंधरा वर्षं अभ्यास केला म्हने. अना काय सांगून राहिल्या? तिसरीपर्यंत पेटी बंद ठेवा."

"काऊन?" आईनं विचारलं.

"लेकरू पेटीच्या मागं फरफटते म्हने. अना कोनतंच लेकरू बेसूर नसते म्हने." बाबा हसले. "अना कोन्या लेकराले ओठ हालवाले सांगू नका म्हने."

मी शेंगा सोलत होते. माझे हात थांबले. आपण करतो ती गोष्ट कुठल्याशा पुस्तकात लिहिलेली असेल, नागपूरच्या एका बाईंना ती माहीत असेल, हे माझ्या डोक्यातच येईना. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हात धुवा. भात थंडा होऊन राहिला."

पुस्तक दोन दिवस खाटेखाली पडून होतं. तिसऱ्या दिवशी मी ते वाचलं. पाचवीच्या मुलीला कळेल असं ते नव्हतं, पण तो भाग मी शोधून काढला. बाईंनी लिहिलं होतं त्याचा अर्थ असा होता की मुलाला गप्प उभं केलं की गाणं सुरेल होतं, पण त्या मुलाचं शिक्षण तिथे संपतं, आणि शाळा गाणं सुरेल करण्यासाठी नाही, मुलांसाठी आहे. मी ते चार-पाचदा वाचलं. मला आनंद झाला नाही. राग आला, आणि तो बाबांचा नव्हे, बाईंचा. माझी गोष्ट त्यांनी उघडी केली असं वाटलं.

बाबांनी बाईंना पत्र लिहिलं. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी अभिप्राय पाठवा म्हणून पत्ता दिला होता, त्यावर. पाठवण्याआधी त्यांनी ते आईला वाचून दाखवलं. पत्रातली भाषा शाळेतली होती, पण राग घरचा होता. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या घरी पेटी पिढ्यान्‌पिढ्या असेल, तुम्हाला ती बंद करणं सोपं आहे. माझ्या वडिलांना ती ओसरीवरून लांबूनच दिसायची. माझ्या हाताखालची मुलं पहिल्यांदा पेटीजवळ बसत आहेत, आणि तुम्ही मला सांगता, झाकण लावा. मी लावणार नाही.

"पाठवू?" बाबांनी विचारलं.

"पाठवा," आई म्हणाली. "खरं हाय ते." मग म्हणाली, "पन त्याईनं लिवलं तेही पाहा एकदा."

उत्तर यायला महिना लागला. आंतरदेशीय पत्र, पण मजकूर दोनच ओळींचा. आपलं पत्र तीनदा वाचलं, आपल्या वर्गात एक दिवस मागे बसू द्याल का, असा. बाबांनी अंगणात उभ्यानंच ते पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "येऊ दे. आयकू दे."

टेंभेकर बाई धान कापणीच्या दिवसांत आल्या. गोंदियाहून काळीपिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आल्या आणि गावाच्या फाट्यावरून चालत आल्या. साठीच्या, बुटक्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मी जी बाई मनात उभी केली होती तिच्याशी काहीच जुळेना. त्यांनी बोलायला तोंड उघडलं तेव्हा आम्ही मुलं एकमेकांकडे पाहायला लागलो. आवाज नव्हताच. घोगरी कुजबुज होती, दाराखालून वारा यावा तशी. गळ्यावर पदराखाली एक आडवा व्रण होता. संगीताच्या बाई म्हणून आलेल्या, आणि यांना गाता येणार नाही हे पहिलीच्या पोरालाही कळत होतं.

बाबांनी त्या दिवशी फार सुंदर वाजवलं. पुढची मुलं जीव तोडून म्हणत होती. मुख्याध्यापक दारात उभे होते. बाई मागे, आमच्या दगडांच्या रांगेत, सतरंजीवर बसल्या होत्या, अगदी माझ्या शेजारी. त्या पुढे पाहतच नव्हत्या. माझ्या ओठांकडे पाहत होत्या. मी ओठ हलवायचं थांबवलं, मग बाबांना दिसेल म्हणून पुन्हा हलवायला लागले.

गाणं संपल्यावर बाई उठल्या. "गुरुजी, हात फार गोड आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "ही मागची मुलं मला थोडा वेळ द्याल?"

"त्याईले सूर नाही, बाई," बाबा म्हणाले. मग शाळेची भाषा आठवून, "त्यांना जमत नाही."

"बघू या की."

त्यांनी आम्हाला काही गायला सांगितलं नाही. मला पुढे बोलावून म्हणाल्या, "तुझी आई बांधीच्या त्या टोकाला आहे. जेवायला बोलवायचंय. कशी हाक मारशील?"

हाक तर मी रोज मारायची. मी मारली, "आईऽऽ, चाल वोऽऽ!" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "पुन्हा. आणि शेवटचं लांबव." मी पुन्हा मारली, शेवटचा वो धरून ठेवला. बाई बाबांकडे वळल्या. "गुरुजी, ही पोर कुठल्या पट्टीवर उभी आहे ते काढून द्या जरा. मला आवाज नाही, तुमची पेटीच सांगेल."

बाबांनी भाता उघडला. मी हाक मारायची, ते पट्टी शोधायचे. बाबा माझ्या मागे येत होते. पेटी माझ्या मागे येत होती. हे इतकं विचित्र वाटलं की दोनदा माझी हाक मोडली. मग एका पट्टीवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि बाबांचं बोट तिथेच थांबलं.

"काळी एक," बाबा म्हणाले.

बाईंनी मागच्या रांगेतल्या एकेकाला बोलावलं. कुणी म्हशीला हाक मारली, कुणी भावाला. बहुतेक सगळे काळी एकच्या आसपास निघाले. बाई म्हणाल्या, "बघा गुरुजी, तुम्ही वाजवता काळी चारमध्ये. या पोरांना वर जावं तर पोचत नाही आणि खाली उतरावं तर तळ सापडत नाही. म्हणून ती लोंबकळतात. आता हीच प्रार्थना काळी एकपासून वाजवा, आणि यांना म्हणू द्या."

बाबांनी बोटं ठेवली. पहिली ओळ अर्धी गेली आणि सूर चुकला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच चुकला. तिसऱ्यांदा त्याही आधी. हे गाणं त्यांनी हजार वेळा वाजवलं असेल. पण काळी चारमधून. सा हलवला की बाकीच्या सगळ्या पट्ट्या हलतात, आणि ती वाट त्यांच्या बोटांना कुणी दाखवलेली नव्हती. पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाईंच्या लक्षात आलं, पण उशिरा. "राहू द्या, गुरुजी," त्या कुजबुजल्या, आणि तेच सगळ्यात वाईट झालं. बाबांनी भाता मिटला, खटके लावले, "आजचा तास संपला," म्हणाले आणि बाहेर गेले.

मी आता गोंदियात एका शाळेत गणित शिकवते. चाळिशी दूर नाही. वर्गात चार-पाच मुलं अशी असतातच की ज्यांना माझं समजावणं पोचत नाही, आणि मी तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणत असते. मध्येच बाबांच्या कानाच्या लाल पाळ्या आठवतात आणि मी खडू खाली ठेवते. दुसरी रीत दर वेळी सापडते असं नाही.

बाई दुपारी आमच्या घरी जेवल्या. मुख्याध्यापकांनी त्यांची सोय दुसरीकडे केली होती, पण त्या विचारत विचारत आमच्या दारात आल्या. आईनं पाट मांडला. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्यात पोपटाच्या, वालासारख्या शेंगांचे दाणे आणि वरून चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाबा बाहेर खाटेवर, दाराकडे पाठ करून बसले होते. बाई जेवल्या, आईला भाजी कशी केली ते विचारलं, हात धुतला आणि बाहेर जाऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मी दाराआड उभी होते.

"चूक माझी झाली, गुरुजी. वर्गासमोर विचारायला नको होतं."

"तुमाले माहीत नोहतं," बाबा म्हणाले. त्यांनी शाळेची भाषा सोडली होती. "मले माहीत होतं. एवढी वर्षं माहीत होतं. दुसऱ्या पट्टीत जमत नाही मले. कोनाले सांगू? लोक म्हनतात, गुरुजीसारखी पेटी कोनाची नाही. अना मले कोनं शिकवलं, बाई? दुकानदारानं खडूचा ठिपका देल्ला. तेवढंच माजं शिक्षन."

बाईंनी गळ्यावरचा पदर बाजूला केला. "हे ऑपरेशन झालं तेव्हा मी पंचेचाळीसची होते. त्याआधी गायची मी, मैफलीत. नंतर कॉलेजात मला म्हणाले, आता तुम्ही ग्रंथालय सांभाळा. गाता न येणारी बाई गाणं काय शिकवणार? मग मी मुलांकडे गेले. मला गाऊन दाखवता येत नव्हतं, म्हणून त्यांना हाका मारायला लावल्या. माझी सगळी पद्धत तिथून निघाली. विद्वत्ता वगैरे लोक नंतर म्हणायला लागले."

बाबांनी पहिल्यांदा मान वळवली.

"पेटी बंद ठेवा हे मी लिहिलं ते शहरातल्या शाळा पाहून," बाई म्हणाल्या. "तुमचं पत्र आल्यावर झोप लागेना मला. आज तुम्ही पोरीच्या मागे पेटी नेलीत, ते मी कुठे पाहिलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं, मी फक्त आवाज नाही म्हणून तुमची मदत मागितली. पुस्तकातलं ते पान मी बदलणार आहे." त्यांनी पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर ठेवून काहीतरी लिहिलं आणि खाटेवर ठेवून वर पाण्याचा गडवा ठेवला. "काळी एकमधून कुठल्या पट्ट्या लागतात ते आहे यात. शिकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही शिकलात तरी तुम्ही चांगलेच वाजवता."

बाबांनी कागदाला हात लावला नाही. बाईंना फाट्यापर्यंत सोडायला मात्र गेले.

त्यानंतर पेटी बंद राहिली. बाबांनी तिच्यावर आईची जुनी साडी टाकली आणि ती कोपऱ्यात सरकवली. सकाळी कढईतला उलथन्याचा आवाज एकटाच यायचा. शाळेतली प्रार्थना पेटीविना होऊ लागली, जो तो आपापल्या सुरात, बेडकांसारखी. पुढची आणि मागची रांग राहिली नाही. आता मला म्हणता आलं असतं, पण मी म्हटलं नाही. बाबांची पेटी माझ्यामुळे बंद झाली असं माझ्या मनानं घेतलं होतं. मी हाक नीट मारली नसती, मुद्दाम काळी चारमध्ये मारली असती तर, असा विचार मी कितीदा केला. जयंतीच्या कार्यक्रमाला गायन पार्टीची माणसं बोलवायला आली तेव्हा बाबांनी पाठदुखीचं निमित्त सांगितलं. आईनं ते ऐकून घेतलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली एक दुपार होती. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, आई सुपात तांदूळ निवडत होती. निवडता निवडता ती रोवणीचं, म्हणजे धान लावतानाचं एक गाणं म्हणू लागली. ती शेतात बायांबरोबर म्हणायची, घरात कधीच नाही. तिचा आवाज खालचा होता, जाडसर, घट्ट पेजेसारखा. एक कडवं झालं आणि ती सहज म्हणाली, "माजी पट्टी काढून द्या ना मले."

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "का?"

"पोरीची काढून देल्ली. लगनाले चौदा वर्षं झाली, माजी कवा काढली तुमी? मी कोन्या पट्टीत गातो ते मले तरी समजू द्या."

बाबा उठले. साडी बाजूला केली, धूळ पुसली. भात्यातून आधी नुसती हवा आली, मग सूर. आई म्हणत राहिली, बाबा शोधत राहिले. बोट थांबलं ते काळी एकवर. बाबा त्या पट्टीकडे पाहत राहिले.

"मित्राचा आवाज माज्यावर गेला," आई म्हणाली आणि सूप पाखडू लागली. "मले माहीत होतं. पन तुमच्या पेटीपुढं कोन बोलन?"

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून बाईंचा कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. म्हणजे इतके महिने तो त्यांच्याजवळच होता. त्या दिवसापासून त्यांनी जे वाजवायला सुरुवात केली ते ऐकवत नसे. एक ओळ, चूक, पुन्हा तीच ओळ. शेजारचे काका कुंपणावरून ओरडले, "का गा गुरुजी, पेटी बिघडली का?" बाबा म्हणाले, "पेटी नाही, वाजवनारा दुरुस्त होऊन राहिला." पावसाळा लागेपर्यंत प्रार्थना काळी एकमधून बसली. मग काळी दोन. मग पांढरी. मला त्यांनी म्हणायला सांगितलं नाही, आणि मी आपणहून म्हटलं नाही. आमच्यात ते तसंच राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात बाईंचं पत्र आलं. सालेकशाला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि त्यातला एक तास बाबांनी घ्यावा असं त्यांनी लिहिलं होतं. बाबा मला म्हणाले, "चालतं का? गाडीत बसाले मिळन." मी गेले. शाळेच्या हॉलमध्ये चाळीसेक शिक्षक, सतरंज्या, समोर पेटी. बाई एका कडेला बसल्या होत्या. बाबांनी आधी हाकेतून पट्टी कशी काढायची ते करून दाखवलं, शिक्षकांनाच हाका मारायला लावल्या. हशा झाला, हॉल सैल झाला. मग बाबा थांबले.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "मला एकच पट्टी येत होती. ती लपवायला मी पोरांना बेसूर ठरवलं. चार वर्षं माझ्या मुलीला मी मुकं उभं केलं. ती बेसूर नव्हती. ती..." त्यांनी मान खाली घातली आणि भाता ओढला. काळी एकचा सा लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काही सांगितलं नाही. नुसता सा धरून ठेवला.

मला नकार देता आला असता. ते नुसती माझी पट्टी धरून बसले होते, मी उठले नसते तर तसेच बसून राहिले असते आणि मग पुढचं सांगायला लागले असते, हे मला आजही पक्कं वाटतं. मी उभी राहिले आणि प्रार्थनेचं पहिलं कडवं म्हटलं. आवाज कापत होता, दुसऱ्या ओळीला श्वास संपला. सुंदर वगैरे काही नव्हतं. पण मी जिथे पाय ठेवत होते तिथे जमीन होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिक्षकांनी वह्यांत काहीतरी लिहिलं. बाई चष्मा पुसत होत्या.

मी गायिका झाले नाही. बाईंच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली, त्यात ते पान बदललेलं होतं: पेटीनं मुलाच्या मागे जावं, मुलानं पेटीच्या नव्हे. पुढे ते पुस्तक विदर्भातल्या कितीतरी शाळांत पोचलं. माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना हाका मारायला लावल्या. तिच्या बाईंना हे कुठून आलं ते माहीत नव्हतं. टेंभेकर बाई तोवर गेल्या होत्या.

सालेकशाहून परतताना आम्ही स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. एक गोंड बाई टोपलीत उकडलेल्या बोरांचे वाटे घेऊन बसली होती. बाबांनी पानाच्या द्रोणात बोरं घेतली, मीठ मागून घेतलं आणि द्रोण आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. बराच वेळ आम्ही बिया रुळांकडे फेकत होतो. पेटी त्यांच्या पायाशी होती.

"मंग," बाबा गाडीच्या दिशेकडे पाहत म्हणाले, "घरीही म्हनशील का कधी?"

मी एक बोर निवडलं, मिठात बुडवलं.

"पाहू," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली आणि द्रोण माझ्याकडे सरकवला.